बारा नंबरचा बुवा

हार्मेन स्खुरिंगाला सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकूण तीन धक्के बसले, आणि ते तिन्ही मे महिन्याच्या एकाच पंधरवड्यात. त्याआधीही काही बसले असतील, पण ते सरकारी खात्यामार्फत, लेखी आणि आगाऊ सूचना देऊन आले होते. तसल्यांना हार्मेन धक्का म्हणत नसे. हे तीन मात्र अठरा-अठरा ग्रॅम वजनाच्या पाखरांनी दिले, आणि पाखरं काही आगाऊ कळवत नाहीत.

सुरुवात खाजेपासून झाली. आयकलान या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तेरा-तेरा घरं, आणि प्रत्येक घरासमोर एक ओकचं झाड. या ओकांवरून दर उन्हाळ्यात केसाळ सुरवंटांची मिरवणूक निघते. त्यांचे केस वाऱ्याने उडून कॉलरीत शिरतात आणि मग माणसाला तीन दिवस दुसरा उद्योग उरत नाही. गेल्या जूनमध्ये खुद्द पाद्रीबाबांनी प्रवचन मधेच थांबवून खांबाला पाठ घासली होती, आणि देवळात एकही माणूस हसला नव्हता, कारण सगळ्यांचे हात आपापल्या पाठीवर होते.

तेव्हा नगरपालिकेने ठरवलं की सुरवंटांवर कोलमेस सोडायचे. कोलमेस म्हणजे काळ्या टोपीचं, पिवळ्या पोटाचं, चिमणीएवढं पाखरू. पिल्लांना भरवायला लागलं की झाडाच्या झाड साफ करतं. पण कोलमेस हुकमाने येत नाहीत, त्यांना घर द्यावं लागतं. म्हणून हिवाळ्यात सव्वीस ओकांवर सव्वीस लाकडी पेट्या ठोकल्या गेल्या, आणि त्यांच्या नोंदी ठेवायला एक स्वयंसेवक मागवला गेला.

सभेत हात हार्मेनचा वर गेला हे खरं, पण त्या हाताच्या कोपराला खालून टेकू होता तो रूलीचा. रूली म्हणजे त्याची बायको. हार्मेन जमीनमोजणी खात्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत त्याने स्वयंपाकघरातल्या बरण्या अक्षरांच्या क्रमाने लावल्या होत्या, आणि रूलीला मीठ सापडेनासं झालं होतं.

पहिलं काम त्याने केलं ते पेट्यांना क्रमांक देण्याचं. सात नंबरच्या घरासमोरची पेटी सात नंबर, दहासमोरची दहा.

रूली म्हणाली, "पेट्यांना अ, ब, क दे ना. घरांचे नंबर घरांना राहू देत."

"एकाच जागेला दोन क्रमांक?" हार्मेनने चष्मा काढला. अडतीस वर्षं हद्दीचे दगड मोजलेल्या माणसाला हे ऐकवेना. "उद्या तंटा झाला तर?"

तंटा होणार हे त्याचं भाकीत अचूक निघालं, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. सात नंबरचा वुब्बो, जो स्वतः दारातून जरा तिरका होऊन बाहेर पडतो, त्याने पेटीचं भोक मोठं ठेवायला सांगितलं: "त्यांनाही आत वळता आलं पाहिजे, शेजारी. तुम्हा बारीक माणसांना कळायचं नाही." तेरा नंबरच्या आल्त्येबाईंनी पेट्या दर शनिवारी साबणाने धुवाव्यात असं सुचवलं. आल्त्येबाई कचऱ्याचा डबासुद्धा आधी पुसून मग रिकामा करतात. आणि तीन नंबरचा चौऱ्याऐंशी वर्षांचा टामो म्हणाला, "माझी पेटी खिडकीकडे तोंड करून लाव. टीव्हीवर हल्ली काही नसतं."

मग नगरपालिकेचं पत्र आलं. पेट्या तीन मीटरवर, आणि अडीच मीटरच्या वर चढणाऱ्या स्वयंसेवकाकडे शिडीचं प्रमाणपत्र हवं. हार्मेन अर्ध्या दिवसाच्या वर्गाला गेला. शिकवणारा तेवीस वर्षांचा. पहिला तास शिडीकडे नुसतं पाहण्यात गेला. हार्मेन पहिल्या खेपेस नापास झाला, कारण 'चढू का?' असं न विचारताच तो चढला. दुसऱ्या खेपेस त्याने विचारलं. इतक्या पडेल आवाजात त्याने लग्नाचंही विचारलं नव्हतं.

प्रमाणपत्रावर खाली एक ओळ होती: शिडीधारकाचं नाव. म्हणजे खाली उभं राहून शिडी धरणार कोण. तिथे 'रूली स्खुरिंगा' असं लिहिलं गेलं. त्याखाली बारीक अक्षरांत: शिडीधारक उपस्थित नसल्यास चढू नये, नाव बदलायचं असल्यास सहा आठवडे आधी अर्ज करावा. हार्मेनने तो कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगला. तिथला नातवंडांचा फोटो फ्रिजवर गेला.

एप्रिलपासून तो रोज पहाटे पाचला घडीचं स्टूल, दुर्बीण आणि वही घेऊन ओकांखाली बसू लागला. पक्षी मोजणाऱ्या मंडळींत नराला 'बुवा' आणि मादीला 'बाई' म्हणायची तिथली जुनी रीत आहे, तीच त्याने वहीत पाळली. प्रत्येक क्रमांकाला एक पान. बारा नंबरचं, म्हणजे स्वतःच्या घरासमोरच्या पेटीचं, पान त्याने रूलीला देऊन टाकलं. ती पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच दिसायची.

"तेवढं तुला जमेल," तो म्हणाला होता.

रूलीने पेन्सिलीला टोक काढलं.

आता पहिला धक्का. मेच्या सुरुवातीला एका पहाटे सात नंबरचा बुवा आपल्या पेटीतून निघाला, रस्ता ओलांडून थेट दहा नंबरला गेला, आणि दहा नंबरची बाई दारातच बसलेली. बुवाने तिला एक अळी भरवली. मग दोघं खोडामागे गेली. दहा नंबरचा बुवा तेव्हा वरच्या फांदीवर गळा फुगवून गात होता, आपली हद्द आहे असं जगाला कळवत.

हार्मेनने दुर्बिणीच्या काचा पुसल्या आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. माहितीपत्रकात तर स्वच्छ लिहिलं होतं की कोलमेस जोडीने राहतात.

त्याने पक्षीकेंद्राच्या हिस्काबाईंना फोन लावला. केंद्र शहरात, आणि सगळ्या गल्ल्यांच्या नोंदी तिथे जमा होत.

"बाई, एक गंभीर प्रकार आहे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सातचा बुवा दहाच्या बाईकडे जातो."

"जाणारच," हिस्काबाई म्हणाल्या. त्या काहीतरी खात होत्या.

"पण दहाचा बुवा घरी असताना?"

"तो गातोय ना? मग गाऊ द्या. स्खुरिंगासाहेब, तीन घरट्यांतल्या एकात तरी शेजाऱ्याचं पिल्लू निघतं. आम्ही रक्त तपासून पाहिलंय."

हार्मेनने फोन ठेवला. अडतीस वर्षं त्याने हद्दी आखल्या होत्या. माणसाला हद्द कळते ती निसर्गाकडून, असं तो नव्या कारकुनांना सांगत आला होता. त्या दिवशी त्याने जेवणात फक्त सूप घेतलं.

"तुला का एवढं लागलंय?" रूलीने विचारलं.

"मला नाही लागलेलं. मी नोंद घेतोय."

दुसरा धक्का त्याने स्वतःच्या अंगठ्याने दिला. हिस्काबाईंनी आठवड्याचा गोषवारा फोनवरून पाठवायला सांगितला होता. हार्मेनच्या फोनवर दोन गट होते. एक 'आयकलान नोंदी', त्यात तो आणि हिस्काबाई. दुसरा 'आयकलान नजर', त्यात सव्वीसच्या सव्वीस घरं. रस्त्यात अनोळखी माणूस किंवा संशयास्पद गाडी दिसली की त्यावर एकमेकांना सावध करायचं. बुधवारी सकाळी दहा वाजता 'नजर'वर पुढील मजकूर आला:

"क्र. ३: बुवा चार दिवस दिसला नाही. मेला असावा. बाई एकटी सात जणांना भरवते.

क्र. ७: बुवा पहाटे ५.४० ला बाहेर. ६.०५ ला क्र. १० च्या दारात. बाई वाट पाहत होती. त्याने तिला भरवलं. नंतर दोघं ओकामागे. अडीच मिनिटं. क्र. १० च्या बुवाला पत्ता नाही.

क्र. १३: पिसवा. फार.

सर्व नोंदी मी स्वतः दुर्बिणीने घेतल्या आहेत. शनिवारी साडेनऊला शिडी लावून प्रत्येक ठिकाणी आत पाहणार. लहानांच्या पायात कड्या अडकवायला शहरातून बाई येतील. ज्यांचं वजन कमी भरेल त्यांची वेगळी यादी होईल. — ह. स्खुरिंगा, बारा."

पाठवून तो निवांत कॉफी प्यायला बसला. उत्तर आलं नाही. हिस्काबाई कामात असतील, असं त्याने धरलं.

आयकलानवर खिडक्यांना पडदे नसतात. आपल्या घरात लपवण्यासारखं काही नाही हे रस्त्याला दिसावं, म्हणून दिवाणखाने रस्त्याकडे उघडे टाकून लोक आत शिस्तीत बसलेले असतात. त्या बुधवारी दुपारी दोनपर्यंत पंचवीस घरांना पडदे लागले. गावातल्या दुकानात पडदे संपले तेव्हा उरलेल्यांनी चादरी लावल्या, आणि एकोणीस नंबरने बाथरूमचा पडदा लावला, ज्यावर मासे होते. हार्मेनला वाटलं ऊन वाढलं.

अडीचला बेल वाजली. दारात आल्त्येबाई, हातात व्हॅक्यूम क्लीनर.

"या आत या," हार्मेन म्हणाला.

"मी आत येणार नाही. तुम्ही माझ्याकडे या. गुडघे टेका आणि दाखवा कुठे आहेत."

"काय कुठे आहेत?"

"पिसवा. फार."

हार्मेनने फोन काढला, गटाचं नाव वाचलं, आणि त्याचे गुडघे आल्त्येबाईंनी दुसऱ्यांदा न सांगताच टेकले.

त्याने लगेच खुलासा पाठवला: "मजकूर पेट्यांतल्यांबद्दल आहे." पण तोवर आयकलानने पडदे लावून घेतले होते, आणि पडद्याआडचा माणूस खुलासे वाचत नाही. उलट 'पेट्यांतल्यांबद्दल' या शब्दाने पंचवीस नंबरच्या म्हातारीला शवपेटी आठवली, आणि तिने टामोच्या घरी फुलं पाठवली.

फुलं हातात घेऊन टामो स्वतःच आला. तो चार दिवस लेकीकडे गेला होता.

"मी मेलो ते ठीक आहे," तो खुर्चीत बसत म्हणाला, "कधीतरी जायचंच. पण घरात एक बाई आहे आणि ती सात जणांना भरवते, हे मला कोणी का नाही सांगितलं? मी पाच वर्षं एकटा उकडलेले बटाटे खातोय."

हार्मेनने त्याला खिडकीपाशी नेऊन तीन नंबरची पेटी दाखवली. बुवा खरंच नाहीसा झाला होता. सातच्या घरच्या मांजराला त्याबद्दल काही माहीत असेल तर ते बोलत नव्हतं. बाई एकटी अळी घेऊन यायची, आत सात चोची उघडायच्या, की पुन्हा बाहेर. टामो बराच वेळ पाहत राहिला.

"आमची हेन्नी अशीच होती," तो म्हणाला. "किती दिवस लागतील त्यांना उडायला?"

"आज अकरा दिवसांची आहेत. अजून आठ-नऊ दिवस."

"मग मी कुठे जात नाही," टामो म्हणाला, आणि जाताना फुलं रूलीला देऊन गेला.

गुरुवारी सकाळी रस्त्याचा पोलीस सीत्से आला. सीत्से तसा गावचाच. हरवलेल्या सायकली शोधण्यात त्याचं आयुष्य चाललंय. रूलीने कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडला, त्याला एक बिस्किट घेऊ दिलं आणि झाकण लावलं, कारण कॉफीबरोबर एकच, अशी तिथली रीत. सीत्सेने कागद उलगडला.

"स्खुरिंगासाहेब, अकरा तक्रारी आहेत. 'शिडी लावून आत पाहणार' हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. प्रमाणपत्र आहे. ते बघा, भिंतीवर."

"'लहानांच्या पायात कड्या'?"

"अॅल्युमिनियमच्या. हलक्या असतात."

सीत्सेने बिस्किट बशीत परत ठेवलं. "कोणाच्या परवानगीने?"

"हिस्काबाईंच्या. त्यांनी आजवर चार हजार जणांच्या पायात घातल्यात."

रूलीने मग खिडकीकडे बोट दाखवलं आणि कड्या पाखरं ओळखू यावीत म्हणून असतात इथपासून सगळा उलगडा केला. सीत्सेने कागदाची घडी घातली, आणि एक बिस्किट अजून मिळेल का म्हणून डब्याकडे पाहिलं. झाकण बंदच होतं.

"मला पटलं," तो म्हणाला. "पण आल्त्येबाईंना हे कोण सांगणार?"

"तुम्ही. तुमच्याकडे गणवेश आहे."

"गणवेश आहे म्हणूनच सांगतो, मी जाणार नाही."

तो गेला आणि मागच्या दाराने वुब्बो आला. तोंड उतरलेलं.

"शेजारी," तो ओट्याला टेकून म्हणाला, "तुम्हाला ओकामागचंही दिसलं?"

हार्मेन सांगणार होता की अरे ते पाखरांचं आहे. पण वुब्बो थांबेना.

"अडीच मिनिटं नव्हती, दहा तरी होती. खोटं बोलत नाही. दहा नंबरच्या फेन्नाचा नवरा पाचला डेअरीत कामाला जातो. माझी बायको यांतीना सातपर्यंत झोपलेली असते. मी माणूस आहे, हार्मेन. जानेवारीपासून घरी सकाळी मला एक वाटी दही आणि अर्धं सफरचंद मिळतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. फेन्ना बेकनमध्ये तीन अंडी तळते. घरात वास राहायला नको म्हणून ताट घेऊन मी ओकामागे उभा राहतो."

हार्मेन खाली बसला. पाखरांची नोंद घ्यावी आणि ती माणसांना मिनिटापर्यंत लागू पडावी, हे मोजणीखात्यात कधी घडलं नव्हतं.

"वुब्बो, ते कोलमेस होते."

वुब्बो ओट्यावरून सरळ झाला. "म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"आता आहे."

"आणि मी काल रात्री यांतीनाला सगळं कबूल करून बसलो," वुब्बो म्हणाला. त्याचा आवाज अर्ध्या सफरचंदाएवढा झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत सभा भरली. अध्यक्ष आल्त्येबाई, बसण्याआधी त्यांनी खुर्ची पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशी पुसली. ठराव एकच: उद्या शनिवारी सकाळी सगळ्या पेट्या उतरवायच्या.

"ते पाखरांबद्दल होतं हे आता सगळ्यांना कळलंय," हार्मेन म्हणाला.

"कळलंय," यांतीना म्हणाली. "पण तुमच्या पाखरांमुळे मला काय कळलं? दुसरं काही असतं तर मी समजून घेतलं असतं. माणूस चुकतो. पण बेकन?" फेन्नाने मान खाली घातली. फेन्नाचा नवरा तिच्याकडे पाहत होता. त्यालाही घरी दहीच मिळत असावं.

"माझं गेलेलं नाव पेट्या उतरवून परत येणार नाही, हे मला समजतं," आल्त्येबाई म्हणाल्या. "पण पेट्या तरी उतरतील."

टामो उठला. "मी मेलेला माणूस आहे, माझं ऐका. राहू द्या त्या."

कोणी ऐकलं नाही. हात वर झाले. हार्मेन उभा राहिला, आणि त्याला हेही कळलं की आपण काय बोलणार हे आपण लिहून आणलेलं नाही.

"तीन नंबरात सात आहेत," तो म्हणाला. "आज तेरा दिवसांची. डोळे उघडलेत, पिसं अर्धी. पेटी हलली तर बाई परत यायची नाही. ती दिवसातून पाचशे खेपा करते. मी मोजल्यात. एकटी करते. माझ्यावर राग काढायचा तर माझ्यावर काढा, मी खिडकीत उभा राहतो. सहा दिवस द्या."

पण वर गेलेले हात खाली यायलाही आधी कोणीतरी आपला खाली आणावा लागतो, आणि आयकलानवर तसा कोणी नव्हता. तेवीस विरुद्ध दोन. रूलीने हात कुठल्याच बाजूने वर केला नव्हता.

सीत्से म्हणाला, "घरट्यांबाबत काहीतरी कायदा आहे, पण तो विभाग सोमवारी उघडतो. आज एवढंच सांगतो, अडीच मीटरच्या वर प्रमाणपत्राशिवाय कोणी चढायचं नाही."

"प्रमाणपत्र कोणाकडे आहे?" आल्त्येबाईंनी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. माना हार्मेनकडे वळल्या.

"ठराव मंजूर झालाय, स्खुरिंगासाहेब. तुम्हीच उतरवायच्या."

हार्मेनने आयुष्यात रीतसर मंजूर झालेला एकही आदेश मोडला नव्हता. एकदा तर स्वतःच्या सासऱ्याच्या कुंपणातून हद्दीची रेघ नेली होती, आणि सासरा अकरा वर्षं बोलला नव्हता. त्याचं तोंड उघडलं. त्यातून 'होय' निघणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मी शिडी धरणार नाही," रूली म्हणाली.

तिची सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ. सीत्सेने सुद्धा वही काढली.

"शिडीधारक मी आहे. कागदावर आहे. मी नसेन तर त्याला चढता येत नाही, आणि माझं नाव बदलायला सहा आठवडे लागतात. उद्या पिल्लांना पाहायला चढणार असेल तर धरीन. पेट्या उतरवायला धरणार नाही." ती खाली बसली. मग पुन्हा उठून म्हणाली, "झालं एवढंच."

नियमापुढे आयकलान हात टेकतं. पण आल्त्येबाई हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांच्या घरचं तुम्ही रस्त्यावर मांडलंत. बारा नंबरचं काय? त्याची नोंद कुठे दिसली नाही ती."

"बारा नंबरचंही पान आहे," हार्मेन ताठ होऊन म्हणाला. "आम्ही काही लपवत नाही."

"मग वाचा."

"हार्मेन," रूली म्हणाली, "राहू दे."

पण हार्मेनची अब्रू तीन दिवस रस्त्यावर पडून होती आणि ती उचलायची ही एकच संधी होती. त्याने वही उघडली, घसा साफ केला, आणि रूलीचं बारीक, सरळ अक्षर पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं:

"क्र. १२. बुवा पहाटेपासून बाहेर. छाती पुढे काढून बसतो. आवाज मोठा. बाई आत-बाहेर, आत-बाहेर." त्याने पान जरा लांब धरलं. "बुवा दिवसभर दुसऱ्यांच्या घरांकडे बघतो. स्वतःच्या दाराकडे पाठ. घर लावताना मदत केली नाही, पण लावून झाल्यावर सगळं हलवून पाहिलं. दुपारी एक अळी आणली. स्वतःच खाल्ली. बाई थकलेली दिसते. बुवाच्या लक्षात आलेलं नाही."

हा तिसरा धक्का.

वुब्बोच्या पोटातून एक बारीक आवाज निघाला, तो त्याने दाबला, पण एवढ्या पोटात आवाज दाबला की तो दुसरीकडून निघतो. मग टामो हसला, मग यांतीना, आणि शेवटी आल्त्येबाईंनी रुमाल काढला, तो घडी न मोडता डोळ्यांना लावला. हार्मेन वही उघडी धरून मधोमध उभा.

घरी जाताना पुलावर तो थांबला.

"ते पाखराबद्दल होतं ना?" त्याने विचारलं.

"पाखराबद्दलच," रूली म्हणाली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, "बहुतेक."

शनिवारी हिस्काबाई आल्या. रूलीने शिडी धरली. आल्त्येबाई लांबून पाहायला आल्या आणि पिल्लू तळहातावर आलं तेव्हा लांब नव्हत्या. "नखं स्वच्छ आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. तीन नंबरच्या सातांतलं सातवं वजनात कमी भरलं. वुब्बोला ते ऐकून भडभडून आलं.

आणि पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसहाला अख्खं आयकलान तीन नंबरसमोर घडीच्या खुर्च्या टाकून बसलं. मांजराला कोंडलं होतं. पडदे उघडे, एकोणीस नंबरचे मासे तेवढे राहिले होते, कारण ते आता त्यांना आवडायला लागले होते. बाई समोरच्या फांदीवर अळी चोचीत धरून बसली होती आणि आत देत नव्हती.

"देत का नाही?" फेन्नाने कुजबुजत विचारलं.

"बाहेर या आणि घ्या, असं म्हणतेय," हार्मेन म्हणाला.

पहिलं निघालं, भोकातून डोकं, मग सगळंच, आणि ते उडलं की पडलं हे ठरायच्या आत फांदीवर होतं. मग दुसरं. सहावं गेलं तेव्हा घड्याळात सहा-अठ्ठेचाळीस. सातवं दारात येऊन बसलं आणि बसूनच राहिलं. मग त्याने उडी मारली, पंख उशिरा उघडले, आणि ते थेट टामोच्या टोपीवर उतरलं.

टामो हलला नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही, कारण हात हलला असता. पिल्लाने टोपीवर आपली एक खूण सोडली आणि भुर्रकन आईकडे गेलं.

"धुऊ नका," आल्त्येबाई टामोला म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालेलं त्यानंतर कोणी ऐकलेलं नाही.

मग ओकावर नुसती पेटी राहिली. अर्धा उन्हाळा जिच्यासमोर बसून काढला, तिच्यात आता थोडं शेवाळ आणि, सांगायला हवं, पिसवा. हार्मेनने दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली तेव्हा काचा ओल्या होत्या. हा धक्का त्याने मोजलेल्या तिनांत धरलेला नाही. कुठल्या रकान्यात टाकावा हे त्याला अजून सुचलेलं नाही.

त्याने आजूबाजूला पाहिलं. यांतीना वुब्बोला एक उकडलेलं अंडं देत होती, नुसतं उकडलेलं, पण देत होती. रूली स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, बारा नंबरच्या पेटीकडे बघत, पहाटेपासून, काही न खाता.

हार्मेन घरात गेला. बरण्यांत त्याला कॉफी सापडायला वेळ लागला. 'क' कुठे ठेवला हे तोच विसरला होता. त्याने दोन कप भरले, बशीत एक बिस्किट ठेवलं, थांबला, दुसरं ठेवलं, आणि डब्याचं झाकण न लावता सगळं तिच्यापुढे नेलं.

रूलीने कपाकडे पाहिलं. मग उघड्या डब्याकडे पाहिलं. मग वही ओढून घेतली, पेन्सिलीचं टोक तपासलं आणि लिहिलं:

"क्र. १२. सकाळी ७.०५. बुवा खाणं घेऊन आला. स्वतः खाल्लं नाही. उद्या पुन्हा पाहणे."